ढिला चाकू

जयपूरच्या त्रिपोलिया बाजारातल्या त्या दुकानदाराला म्हातारा सरकला असंच वाटलं असणार. काउंटरच्या काचेवर त्याने माझ्यासाठी घडीच्या चाकूंची रांग मांडली होती आणि मी एकेक उघडून, मिटून, बाजूला सारत होतो. शेवटी तो कंटाळला. "बाबूजी, आख़िर चाहिए कैसा?"

"ढीला," मी म्हणालो. "जो बिना ज़ोर लगाए खुल जाए."

"लोग तो टाइट माँगते हैं. ढीला माल तो हम वापस भेज देते हैं."

"तो जो वापस भेजने वाला है, वही दिखाइए."

टाइट चाकूची थोरवी त्याने मला सांगायची गरज नव्हती. विम्याच्या नोकरीत मी राजस्थानभर फिरलो. पिशवीत कायम घडीचा चाकू असायचा आणि कुठल्याही गावात लोखंडी सामानाचं दुकान दिसलं की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. महागड्या परदेशी चाकूंचा शौक मला परवडला नाही आणि खरं सांगायचं तर पटलाही नाही. पैसे ओतले की चांगली वस्तू कुणालाही मिळते, त्यात कसली आली पारख! दोन-चार प्लेट कचोरीच्या किमतीत जे मिळतं, त्यातलं टिकणारं कोणतं आणि नुसतं चकाकणारं कोणतं, हे ओळखण्यात खरी गंमत. त्या दिवशी मात्र मी बाजारातला सगळ्यात टाकाऊ चाकू शोधत होतो, कारण तो माझ्या बायकोला उघडता यायला हवा होता.

तिच्या हातांचे स्नायू झिजत चालले होते. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि आम्ही औषध विचारलं तेव्हा ते फाईलमध्ये बघत बसले.

चाकू हा मुळात तिचाच विषय. ती सांगलीकडची, वडिलांची द्राक्षबाग होती. लग्न होऊन आली तेव्हा इतर बायकांच्या पर्समध्ये कंगवा-पावडर असते तसा हिच्या पर्समध्ये घडीचा चाकू होता. लाकडी मूठ, पितळी खिळे, काळपट पातं. फळं चिरून डब्यात भरून न्यायची हे तिला अजिबात मान्य नव्हतं. फळ कापलं की तिथल्या तिथे खायचं आणि ज्याचं त्याने कापून खायचं, असा तिचा कायदा. जयपूरला बदली झाली, मालवीय नगरात घर घेतलं, आणि पहिल्याच हिवाळ्यात सवाई माधोपूरच्या पेरूंची हातगाडी बघून ती म्हणाली, "आता इथनं हलायचं नाही हं." खरंच हललो नाही. निवृत्तीनंतर सगळे नातेवाईक गावाकडे बोलावत होते, आम्ही पेरूंपायी इथेच राहिलो.

एकदा मेट्रोच्या तपासणीत तिच्या पर्समधला चाकू सापडला. चाकू आत नेता येणार नाही म्हटल्यावर तिने त्या जवानाला विचारलं, "भैया, फिर पेरू क्या दाँत से काटूँ?" पेरू म्हणजे अमरूद हेच त्या बिचाऱ्याला कळलं नाही. चाकू सोडायला ही तयार नाही, हिला आत सोडायला तो तयार नाही. शेवटी आम्ही बाहेर येऊन ई-रिक्शा केली आणि चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या तटबंद शहरातल्या गर्दीत अडकून पडलो. रस्ताभर मी कुरकुर केली. ती शांतपणे पेरू कापून खात होती, आणि मला एक फोडसुद्धा दिली नाही.

माझ्या हातातून ती चाकू कधीच घेत नसे. धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडण होतं, हे तिच्या आईने तिच्या डोक्यात पक्कं बसवलं होतं. मी चाकू खाली ठेवायचा, मग तिने तो उचलायचा. घरात असलो तर टेबलावर, बसमध्ये असलो तर सीटवर. मी चिडवायचो, "एवढं पाळून आपण रोज भांडतोच की." त्यावर ती म्हणायची, "न पाळता काय झालं असतं, याचा विचार करा."

आणि आमची निम्मी भांडणं चाकूवरूनच व्हायची. मी चाकू पारखायचो स्प्रिंगवरून. उघडताना नखाला जोर जाणवला पाहिजे, उघडल्यावर पातं खट्कन जागेवर बसलं पाहिजे, आणि आडवं हलवून पाहिलं तर ते डुगडुगता कामा नये. ढिलं पातं म्हणजे कधी बोटावर मिटेल सांगता येत नाही. ती स्प्रिंगकडे ढुंकूनही बघायची नाही. ती बघायची साल. साल पातळ निघाली तर चाकू चांगला, बाकी सगळी नटवेगिरी.

जयपूरजवळच्या कानोत्याच्या धरणावर आम्ही काही मराठी कुटुंबं हिवाळ्यात सहलीला जायचो. तिथे एकदा आमची जुंपली आणि जमलेल्या मंडळींसमोर तीन चाकूंची परीक्षा झाली. पहिला माझा लाडका, अख्खा स्टेनलेसचा, आरशासारखा. दुसरा लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा, ज्यात कात्री, करवत, बाटली उघडायचा आकडा असा सगळा संसार भरलेला. तिसरा रस्त्याकडेच्या लोहाराने ठोकून दिलेला, दिसायला अगदीच दरिद्री. लाल चाकूची मूठ शिंगाडे सोलतानाच तडकली. त्याची कात्री मात्र फार गोड होती, पण सहलीला कात्री घेऊन करायचं काय? माझ्या स्टेनलेसने सुरुवात झोकात केली आणि पेरूंची पाटी निम्मी व्हायच्या आत तो साल काढायचं सोडून पेरू चेपायला लागला. लोहाराचा चाकू शेवटपर्यंत कागदासारखी साल काढत राहिला. मी तरी हार मानतोय होय! पेरूच्या फोडी त्या लोखंडाने काळ्या पडल्या होत्या, त्या मी सगळ्यांना दाखवल्या. "लोखंडाची चव लागते," मी म्हणालो.

"रक्त वाढेल तेवढंच," ती म्हणाली.

"आणि पुसा, तेल लावा, गंज चढला की घासा. माझ्या चाकूची काही काळजी घ्यावी लागत नाही."

"मग तो घरात कशाला ठेवायचा?" असं म्हणून तिने पुढचा पेरू घेतला.

मग एका सकाळी तिचा तो माहेरचा चाकू उघडेना. नख खाचेतून पुन्हा पुन्हा निसटत होतं. "जाम झालाय मेला. तेल घाला जरा," ती म्हणाली आणि तिने तो टेबलावर ठेवला. मी उचलून उघडला तर नेहमीसारखा उघडला. मी तो लगेच मिटला. "जाम आहे खरा," असं म्हणून तेल शोधायला आत गेलो आणि बराच वेळ आतच थांबलो.

पुढे बोटांमधला जोर दिसत दिसत गेला. मुलगी गुरुग्रामहून आली. ती जयपूरलाच वाढलेली, तिचं मराठी हिंदीच्या काठीने चालतं. तिने ऑनलाइन मागवलेला चाकू आणला होता. "आई, फक्त अंगठ्याने पुश कर. मतलब, एकदम इझी. रिव्ह्यू पण मस्त आहेत." उघडायला तो सोपा होता हे कबूल. पण मिटायला लॉक दाबावं लागायचं आणि ते बायकोला दाबता येईना. उघडं पातं पांघरुणावर तसंच पडून राहिलं. मुलीने ते हळूच उचललं. "बाबा, तुम्हीच कापून द्या ना. मतलब, चाकू पाहिजेच कशाला?"

"माझं मी कापून खातेय ना, तोवर मी आहे," बायको म्हणाली. "पुढचं पुढे."

दुसऱ्या दिवशी मी त्रिपोलिया बाजार गाठला.

दुकानदाराने खालच्या खणातून जो चाकू काढला त्याच्यावरचं कंपनीचं नावसुद्धा पुसट होतं. काळी प्लॅस्टिकची मूठ, स्प्रिंग मेलेली, हात जरा कलता केला की पातं आपसूक बाहेर यायचं. उभ्या आयुष्यात असला चाकू मी हातात धरला नसता. "उँगली कट जाएगी तो शिकायत मत करना, बाबूजी," तो म्हणाला. मी त्याला धन्यवाद दिले. इतक्या मनापासून मी कुठल्याच दुकानदाराला दिले नसतील.

घरी येऊन तो तिच्या पलंगाला लावलेल्या छोट्या टेबलावर ठेवला. तिने उचलला, खाचेत नख घातलं आणि चाकू उघडला. तिने तो मिटला, परत उघडला, परत मिटला. शाळकरी मुलीला नवी पेन्सिलपेटी मिळावी तशी ती खूश झाली. "तुमच्या हिशेबाने हा कचऱ्यातला की हो," ती म्हणाली.

"माझा हिशेब बदलला," मी म्हणालो. मला रडू आलं होतं, ते तिला दिसू नये म्हणून मी पेरू आणायला उठलो.

ढिल्या चाकूला धार नको, असं मी म्हणत होतो. तिने मला वेड्यात काढलं. "बोथट चाकूला जोर लागतो. तो मी कुठनं आणू?" मग रोज सकाळी मी चहाचा कप उपडा करून त्याच्या तळाच्या खरखरीत कडेवर पातं घासायचो. ती कापत असताना जीव मुठीत धरून समोर बसायचो, आणि बघत नाहीये हे दाखवायला तोंडासमोर वर्तमानपत्र धरायचो. पातं बोटावर एकदाही मिटलं नाही. त्या टाकाऊ चाकूने माझी लाज राखली.

पण साल जाड निघायला लागली होती. आधी थोडी, मग बरीच, मग सालीबरोबर निम्मा पेरूच जायचा. ती सालं मी टाकत नव्हतो. ताटली आत नेली की स्वयंपाकघरात उभ्यानेच खाऊन टाकायचो. चांगला गर असायचा त्यांना. ही साल सोलणारे हात काय होते ते मी पाहिलेलं होतं.

थंडी सरत आली आणि हातगाडीवर शेवटचे पेरू दिसायला लागले. आता चाकू मीच उघडून ठेवत होतो, ती फक्त उचलायची. त्या दिवशी तिला तो उचलताही येईना. बोटं मुठीवरून घसरत होती, चाकू टेबलावर गोल फिरत होता. मी वर्तमानपत्र खाली ठेवलं. तिने तळहात माझ्यासमोर पसरला.

"हातात द्या."

"अगं, भांडण होईल," मी म्हणालो.

"होऊ दे की," ती म्हणाली. "भांडायचं बरंच राहिलंय आपलं."

मी चाकू तिच्या तळहातावर ठेवला. तिची बोटं मुठीभोवती एकेक करून मिटवली आणि वरून माझा हात ठेवला. आम्ही दोघांनी मिळून तो पेरू सोलला. फार वाईट सोलला गेला. एकच फोड नीट निघाली, ती तिने तोंडात घेतली.

"साल जाड निघाली," ती म्हणाली.

"चाकूच ढिला आहे," मी म्हणालो, आणि वाट बघत राहिलो की आता ती काहीतरी उलटं बोलेल. ती डोळे मिटून फोड चावत होती.

होळीच्या आधी ती गेली.

दिवसकार्य उरकल्यावर मुलगी आवराआवर करायला थांबली होती. घरातले सगळे चाकू तिने जेवणाच्या टेबलावर मांडले. स्टेनलेसचा, तडकलेला लाल, लोहाराचा, तिने स्वतः आणलेला, आईचा लाकडी मुठीचा. "बाबा, यातला बेस्ट कोणता? मतलब, एखादा मी घेऊन जाऊ का?"

"आईचा तू घेऊन जा," मी म्हणालो. "मला तो काळ्या मुठीचा दे."

तिने तो उचलला तसं पातं आपसूक बाहेर आलं. "हा तर एकदम लूज आहे," ती म्हणाली. पातं मिटून ती माझ्याजवळ आली, आणि मी हात पुढे केल्यावर थबकून चाकू खाली ठेवायला वाकली. "हातात नको, बाबा. आई म्हणायची ना, भांडण होतं."

"दे हातात," मी म्हणालो. "काही होत नाही. मी तिच्या हातात दिला होता. त्यानंतर ती माझ्याशी एकदाही भांडली नाही."