भिंतीवरचं जाळं

गॅलरीत नोकरीला लागले तेव्हा मॅडमनी विचारलं, वडील काय करतात? मी ठोकून दिलं, "सीफूड एक्सपोर्ट." आता आमचा एक्सपोर्ट म्हणजे वेसाव्याच्या किनाऱ्यावरून अंधेरीच्या बाजारापर्यंत, तोही आईच्या डोक्यावरून. पण तो काचेचा दरवाजा, तो एसी, समोर ती इस्त्री केलेली बाई. 'बाबा मासेमारी करतो' हे सांगवलंच नाही. लाज वाटली, खोटं कशाला बोलू?

नोकरी अजून कच्ची होती. मुलुंडचे एक बिल्डर नव्या प्रदर्शनातली मुख्य कलाकृती घेणार होते. ती विकली गेली की मी पक्की. आणि ही मुख्य कलाकृती काय, तर मासेमारीचं जाळं! आख्ख्या भिंतीवर टांगलेलं, मधोमध तीन भगदाडं. शेजारी पाटी: 'पोकळी. समुद्राने फाडलेले जाळे.'

मी मूर्ख, हे घरी बोलले. बाबाचा घास हातातच राहिला. "जालं? भिंतीवर? मना बघायचा हाय."

"ये," मी म्हणाले, "पण कोपऱ्यात गप बसायचं. कोणी विचारलं तर बाहेरची पाटी बघून आलो म्हणायचं. माझी ओळख दाखवायची नाही."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि जेवायला लागला.

उद्घाटनाला आला तो ठेवणीतला पांढरा शर्ट घालून. अर्धा तास कोपऱ्यात अगदी गुणी बाळासारखा बसला. मी बिल्डरना आणायला लिफ्टपाशी गेले, तासभर ताटकळून त्यांना घेऊन परत येते तर कोपरा रिकामा. आणि जाळ्यासमोर ही गर्दी! सगळ्यांचे मोबाइल वर. म्हटलं, वाट लागली.

लोक खिशाला पेन लावतात, आमचा बाबा जाळं विणायची सुई ठेवतो. खालचे हुक काढून त्याने जाळं मांडीवर ओढलं होतं, एक कड पायाच्या अंगठ्यात अडकवलेली, दोरा त्याच जाळ्याच्या टोकाचा सोडवलेला. दोन भगदाडं गायब. तिसरं निम्मं झालेलं. लोकांना वाटलं हा कार्यक्रमातलाच भाग. एका बाईंनी तर टाळ्या वाजवल्या.

ही कलाकृती करणारा पोरगा बोरिवलीचा, जेमतेम पंचविशीचा. धावत आला. "काका, अहो काय करताय!"

बाबाने मान वर केली. इतक्या मायेने तो माझ्याशीही कधी बोलला नसेल. "तुजं जालं काय रं पोरा? दर्यानं नाय फाडलं ह्ये. दर्या फाडतो तवा धागा पिंजतो. ही कात्री हाय. कोन वैरी हाय तुजा? पोलिसात गेलास का?"

आमच्याकडे दुसऱ्याचं जाळं कापणं म्हणजे त्याच्या पोटावरच पाय. त्यावरून सख्ख्या भावांचं बोलणं बंद झालेलं मी पाहिलंय. पोरगा लालबुंद झाला. पुटपुटला, "मीच कापलंय, काका."

बाबाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरू नको. त्या वैऱ्याचं नाव सांग."

तेवढ्यात मॅडम आल्या. "कोण आहे हा माणूस? आत कोणी घेतलं याला?"

मी काही बोलणार, त्याआधीच बाबा उठला. हात जोडले. माझ्याकडे चुकूनसुद्धा न बघता म्हणाला, "मी असाच आलो, मॅडम. पाटी बघून. हितं माज्या वलखीचा कोन नाय."

शब्दन् शब्द पाठ केला होता त्याने. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मरो ती नोकरी!

"मॅडम, बाबा आहे माझा," मी म्हणाले. "मासेमारी करतो, वेसाव्याला. एक्सपोर्टबिक्सपोर्ट काही नाही."

बिल्डर माझ्याकडे बघतायत, मॅडम बिल्डरकडे. आणि बाबा? माझ्यावरच खेकसला.

"अगो, तूच बोललीस ना वलख दावू नको म्हून? आता चारचौघांत खोटा पडलो ना मी!"