भंगारात न गेलेली पिकअप

भंगारवाल्यांनी टेम्पोतून गॅसकटरची टाकी उतरवली तेव्हा मी शेळीचं दूध काढत होते. आबा, म्हणजे माझे वडील, बाजेवर बसून त्यांना हातानं दिशा दाखवत होते. गोठ्याच्या मागं, बाभळीखाली. तिथं आमची पिकअप उभी होती. काचबिंदूनं आबांची नजर गेली तेव्हापासून ती तिथून हलली नव्हती. तिला विकायचं ठरलंय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी दुधाचं भगुणं मायच्या हातात दिलं, गोठ्यामागं गेले आणि जोर लावून गाडीचं दार उघडलं. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. तिला अंड्यांसकट बाजूच्या सीटवर ठेवलं, मी आत बसले आणि दार ओढून घेतलं.

भंगारवाला खिडकीशी आला. भला माणूस होता. म्हणाला, "ताई, उतरा. याच्यात काही राहिलं न्हाई. सगळं जंगानं खाल्लंय."

"खाऊ द्या. उरलंय ते मपलं हाय."

मग काठी टेकत आबा आले. "उतर खाली."

"न्हाई उतरत."

"तुला काय करायचंय तिचं?"

"चालवायचीय."

आबा हसले नाहीत, भंगारवाला मात्र हसला. त्यानं थोडा वेळ वाट पाहिली, विडी ओढली, आणि मी काही उतरत नाही म्हटल्यावर टाकी परत टेम्पोत चढवली. जाताना आबांना म्हणाला, "मामा, आधी घरात ठरवत जावा." हे बोलणं आबांना लागलं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले.

मी सासर सोडून आले होते त्याला तेव्हा एक पावसाळा होऊन गेला होता. मला कुणी हाकललं नव्हतं. नवऱ्यानं गंगाखेडला दुसरीसोबत घर केलं, आणि मला सांगितलं, तू इथंच राहा, म्हाताऱ्यांचं बघ, तुला काही कमी पडणार नाही. दुसऱ्या दिवशी मी पेटी भरली आणि एसटीत बसून पालमला उतरले. गावात येताच लोकांच्या तोंडी एकच प्रश्न: किती दिवस राहणार? सुरुवातीला मी काहीतरी सांगायची. नंतर म्हणायला लागले, "राहणारच हाय." त्यावर पुढं कुणाला काही विचारता यायचं नाही.

आमचं घर मेंढरं-शेळ्यांवर चाललेलं. थोडी कोरडवाहू जमीन. आबांनी उमेदीत ही पिकअप सेकंडहँड घेतली आणि आसपासच्या बाजारांना मेंढरं न्यायचं काम धरलं. परतीच्या फेरीला वांगी, कांदे, पेंडीची पोती, कधी वऱ्हाड. माझं बारावीचं वर्ष संपलं त्या उन्हाळ्यात त्यांनीच मला नांगरलेल्या रानात गाडी शिकवली. परभणीला नेऊन लायसन्सही काढून दिलं. गावात कुणी नाक मुरडलं तर म्हणायचे, "हात हायेत तिला, मग कामून न्हाई शिकायची?" त्याच माणसानं गाडी कापायला माणसं बोलावली होती, आणि ते मला काही केल्या समजत नव्हतं.

पण समजायची वाट बघत बसले नाही. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या फांद्या तोडल्या आणि गाडी उघडी केली. उन्हात बघितली तर भंगारवाला खोटं बोलला नव्हता. बोनेटचा पत्रा पापडासारखा झाला होता. मागच्या हौद्याला भोकं पडली होती, मेंढरांच्या मुतानं तिथला गंज जास्तच. पुढं केबिनमध्ये पायाखालचा पत्रा तर नव्हताच, खालची जमीन दिसत होती. उंदरांनी वायरी खाल्ल्या होत्या. टायर चिरलेले. चाकं जागची हलेनात.

आबांच्या पान्ह्यांची पेटी घरात होती. तिची किल्ली त्यांच्या करगोट्याला. मी मागितली. त्यांनी तोंड दुसरीकडं केलं. मग मी माझी म्हणून पाळलेली एक शेळी बाजारात विकली आणि परभणीच्या जुन्या बाजारातून पान्हे, एक जॅक, वायरचे ब्रश आणि पत्र्याला रिबिट मारायचं हत्यार घेऊन आले. आबा बाजेवरच होते. पिशवीतलं लोखंड वाजलं तसे त्यांनी कान टवकारले.

सकाळी शेळ्या-मेंढरांचं उरकलं की मी गाडीकडं जायची. आबांचा जुना सदरा सलवारीवर चढवायचा, डोक्याला फडकं. फोनवर बघून बघून शिकत होते, पण फोनमधल्या माणसाचा बोल्ट लगेच सुटतो आणि आपला सुटत नाही. एकेक बोल्ट डिझेलमध्ये भिजवून ठेवायची, रात्रभर तसाच राहू द्यायची, सकाळी पान्ह्यात लोखंडी पाइप घालून लोंबकळायची. काही सुटले, काही तुटले. एकदा पान्हा निसटून हनुवटीवर बसला. मायनं हळद लावली आणि म्हणाली, "आता पुरं कर." मी म्हणाले, "एक चाक सुटलंय." तिनं पुन्हा तसं कधी म्हटलं नाही.

एके दिवशी मी गाडीखाली पाठीवर पडून ब्रेकचा पाइप काढत होते, तेव्हा चुलते आले. माझे फक्त पाय बाहेर दिसत असणार. बाजेवर आबांशेजारी बसून ते मोठ्यानं बोलायला लागले, मला ऐकू यावं म्हणूनच.

"पोरगी गाडीखाली लोळायली. भावकीत तोंड दाखवायला जागा ठेवायची का न्हाई? एक तर नवरा सोडून आली."

मी खालूनच म्हणाले, "काका, तुमच्या पायापाशी बाराचा पान्हा पडलाय बघा. जरा इकडं सरकवा."

मग पान्हा माझ्या हाताजवळ सरकत आला. चपलेनं ढकलला होता, पण सरकवला. काका त्या दिवशी चहा न घेता गेले.

पायाखालच्या पत्र्याचं मात्र अडलं. नवीन पत्रा आणायला आता विकायला शेळी नव्हती. उरलेली सगळी आबांची. मी जुनी पाटी, तेलाचा डबा, काय काय लावून बघितलं, सगळं पातळ. एका दुपारी घरात आले तर मायनं तिची ज्वारीची कोठी रिकामी करायला घेतली होती. पत्र्याची, माणसाच्या छातीपर्यंत येणारी कोठी. तिच्या लग्नात तिच्या बापानं दिलेली. ती ज्वारी पोत्यात भरत होती.

"हे कामून करायलीस?"

"हिचा पत्रा चांगला हाय. आता असा जाड येत न्हाई."

"माय, ही तुझ्या माहेरची हाय."

"म्हणून तर देते. या घरात हीच एक मपली हाय. कुणाला विचारायचं काम न्हाई."

ती कोठी आम्ही दोघींनी मिळून आडवी केली आणि अंगणात नेली. मी छन्नी लावली आणि हातोडा उचलला, पण हात खाली येईना. मायनं माझ्या हातातून हातोडा घेतला आणि पहिला घाव तिनंच घातला. तो आवाज साऱ्या गल्लीत गेला असेल.

आबा बाजेवरून उठून उभे राहिले. "काय फोडायल्या?"

"कोठी," माय म्हणाली.

"कशापायी?"

"गाडीला लावायचीय."

आबा तसेच उभे राहिले. मग कितीतरी दिवसांनी माझ्याशी बोलले. "तुला कळंना का गं? ती गेली असती तर मी मोकळा झालो असतो. रोज तिच्यापाशी जातो, हात लावतो, न् मागं येतो. आता तू ती चालू करणार. घरात बसून मी तिचा आवाज ऐकायचा. दुसरं कुणीतरी चालवतंय, न् मी बाजेवर."

मला वाईट वाटलं. खूप वाटलं. पण खोटं कशाला बोलू? मी म्हणाले, "आबा, मी तुमच्यासाठी न्हाई करायले. मपल्यासाठी करायलेय. मला या गावात कुणाच्या दयेवर राहायचं न्हाई. तुमच्या बी न्हाई."

माय पत्रा कापतच होती. आबा परत बसले. संध्याकाळी पाण्याचा तांब्या आणायला गेले तर बाजेच्या पायथ्याशी पान्ह्यांच्या पेटीची किल्ली ठेवलेली होती. ते भिंतीकडं तोंड करून पडले होते. मी किल्ली उचलली.

चॅसिसला एका ठिकाणी चीर होती, तिथं रिबिटानं भागणार नव्हतं. पालमला स्टँडजवळ वेल्डिंग करणारा मिस्त्री होता. मी गेले तर म्हणाला, "घरी माणूस कोण हाय? त्याला पाठवा, मी बोलतो."

"मीच हाय."

"तसं न्हाई, कामाचं बोलायला."

"कामाचंच बोलायलेय."

तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला. मी पुढच्या बाजारी परत गेले, त्याच्या दुकानासमोर स्टूल ओढून बसले. त्याच्या पुढच्या बाजारीही. शेवटी तो वैतागला आणि त्याचं सामान रिक्षात घालून आला. गाडीखाली शिरला, बाहेर आला तेव्हा हातानं कोठीचा पत्रा दाबून बघत होता. "हे कुणी बसवलं?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, आम्ही. "रिबिट जवळजवळ मारल्यात," एवढंच म्हणाला. स्तुती होती की चूक काढली, मला अजून कळलेलं नाही. पण वेल्डिंग त्यानं नीट केलं, पैसे पहिल्या भाड्यातून घ्यायचं कबूल केलं आणि त्याच्याकडची एक बॅटरी चालू करून बघण्यापुरती ठेवून गेला.

सेल्फ मारला. इंजिन घरघरलं आणि थांबलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. आबा बाजेवरून ओरडले, "पंप गेला. पंप गेला म्हंजे संपलं. सोड आता."

आबा इंजिन ऐकून सांगायचे आणि सहसा चुकायचे नाहीत. मी स्टेअरिंगवर डोकं टेकून बसले. डिझेलचा पंप म्हणजे मोठं काम, ते मला झेपणारं नव्हतं. पण त्यांचं ऐकून सोडून द्यायचं माझ्या जिवावर आलं. मी टाकीपासून डिझेलची लाइन हातानं चाचपत निघाले. इंजिनाच्या अलीकडं रबरी पाइप वळतो, तिथं खालच्या अंगाला उंदरानं कुरतडलेलं बारीक भोक होतं. वरून दिसत नव्हतं, बोटाला लागलं. डिझेल यायच्या जागी हवा ओढली जात होती. फवारणीच्या पंपाच्या पाइपाचा एक तुकडा जेमतेम बसला. तो घातला, तारेनं आवळला, लाइनमधली हवा काढली. सेल्फ मारला.

आधी काळा धूर आला. मग सगळी गाडी एकदा हादरली आणि इंजिन लागलं. शेळ्या दावं तोडायला बघू लागल्या, कोंबड्या छपरावर. माय हौद्याला धरून उभी होती आणि तिच्या पदराला धुराची काजळी. मी गाडी चालू ठेवूनच आबांकडं गेले. म्हणाले, "पंप चांगला हाय. पाइप होता."

"मग पाइप आधी बघायचा," आबा म्हणाले.

पुढं उधारीवर बॅटरी घेतली, चिरलेल्या टायरांच्या जागी जुने पण धड टायर घातले, पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी भरली, निळा रंग हातानं मारला, आणि परभणीला पासिंगला नेली. पहिल्यांदा ब्रेक एका अंगाला ओढत होते म्हणून परत पाठवली. बरोबरच होतं. घरी येऊन पुन्हा ड्रम उघडले, पुन्हा गेले, पास झाली. रांगेतल्या एका ड्रायव्हरनं विचारलं, "तुमचा माणूस चहाला गेला का?" मी म्हणाले, "चहा मीच पिऊन आले."

मग भावाचा फोन आला. तो पुण्याकडं कंपनीत आहे. म्हणाला, "लय भारी केलंस. आता एक चांगला ड्रायव्हर ठेवू, मी हिशोब बघतो."

"ड्रायव्हर हाय," मी म्हणाले.

"पण तू किती दिवस—"

"दादा, मेंढरं भरायचीत. ठेवते."

पहिल्या बाजाराला मेंढरं घेऊन गेले तेव्हा लोक हौद्याच्या फाळक्यापाशी येऊन उभे राहिले, मेंढरं बघायला नव्हे. दुसऱ्या बाजाराला कमी आले. आता कुणी येत नाही, आलं तर भाडं विचारायला येतं. काकांनीही विचारलं. मी सगळ्यांना सांगते तेच भाडं सांगितलं. ते खूप वेळ कुरकुरले आणि मेंढरं भरली.

आबा मात्र गाडीत बसायला तयार होत नव्हते. मी निघताना ते बाजेवर पाठ करून पडायचे. मीही आग्रह केला नाही. एका सकाळी वांग्याचे क्रेट भरून निघाले होते, तर ते धुतलेलं धोतर नेसून काठी घेऊन गाडीपाशी उभे. "डोळ्याचं औषध आणायचंय परभणीहून," म्हणाले. औषध फडताळात होतं, मला माहीत होतं. मी दार उघडून दिलं. त्यांनी सीटवर बसायच्या आधी खाली वाकून पायाखालचा पत्रा हातानं चाचपला, एका रिबिटापासून दुसऱ्या रिबिटापर्यंत.

गाव मागं पडलं. मग चढ आला.

"गिअर उशिरा टाकायलीस."

"बरोबर टाकायलेय."

"इंजिन ओढायलंय, ऐकू येईना का तुला?"

"आबा, गाडी कोण चालवायलंय?"

पुढच्या चढाला त्यांचा डावा हात आपोआप हवेत उठला, चालवणाऱ्याला गिअरचा दांडा जिथं असतो तिथं. थोडा वेळ तसाच राहिला. मला ते दिसलं. तरी गिअर मी मला वाटलं तेव्हाच टाकला.