निजवून ठेवलेली बाटली

"निजली आहे ना, अक्का?" ओट्यावर टेकता टेकता नाना विचारायचे. नवख्या माणसाला वाटे, घरात तान्हं मूल आहे. मूल कसलं, बाटली होती. फ्रान्सची तांबडी वाईन.

तुम्ही हसाल, पण ऐका. नाना म्हणजे जळगावच्या एका कापसाच्या जिनिंगच्या गोऱ्या मॅनेजरचे बटलर. साहेबाच्या टेबलावर जाण्याआधी प्रत्येक बाटली चाखून बरी-वाईट ठरवायची, हे त्यांचं काम. घोट तोंडात घोळवायचा, चव पाहायची आणि थुंकून टाकायचा. वीस वर्षांत एक घोट गिळला नाही, असं ते माळकऱ्याच्या अभिमानाने सांगत.

सत्तेचाळीस साली साहेब गेला. जाताना ही बाटली देऊन म्हणाला, मी परत येईन तेव्हा दोघं मिळून उघडू. पुढे दारूबंदी आली. पापड लाटून पोट भरणाऱ्या विधवेच्या घरी दारू शोधायला कोण येतो? म्हणून ती माझ्या खाटेखाली आली, वाळूच्या खोक्यात. आडवीच ठेवायची, बूच ओलं राहिलं पाहिजे, ऊन लागता कामा नये. नानांनी तीनदा बजावलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते चौकशीला येत. बायको जाऊन वर्षं झालेली, मूलबाळ नाही. माझंही तसंच. बाटलीचं निमित्त, मग चहा, मग दोन गोष्टी. माझ्या हातचं काही खाल्लं की निवाडा ठरलेला. शेवेच्या भाजीला एकदा म्हणाले, "सुरुवात झकास, मध्यावर पोकळ, पण शेवट लांबवर जातो." शेवट म्हणजे तिखट, हे मला त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पाहून कळलं.

आता माझी चूक सांगते. एका आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी घर सारवायला काढलं, तेव्हा बाटली माळ्यावर उभी करून ठेवली. तेलाची बरणी कोणी आडवी ठेवतं का? हाताला वळणच तसं. वर पत्रे, त्यावर आपलं खानदेशचं ऊन. मृग लागेपर्यंत मला तिची आठवण झाली नाही. मग गुपचूप वाळूत निजवली, आणि नाना विचारत तेव्हा मी हो म्हणत राहिले.

दोन वर्षांनी जिनिंगच्या कारकुनाकडे पत्र आलं. साहेब विलायतेत वारला होता. नाना धुतलेलं धोतर नेसून, काचेचा एक ग्लास घेऊन आले. आता कोणाची वाट पाहायची, म्हणाले.

बूच निघालं आणि मला चुलीपाशी आंबूस वास आला. लोणची घालणारी बाई मी, मला कळणार नाही?

"नाना, ती बाटली मी..."

"चाखताना मध्ये बोलू नये, अक्का."

त्यांनी ग्लास धोतराच्या पांढऱ्या सोग्यासमोर धरला. जांभळाचा रंग जाऊन कौलाचा झाला होता. ग्लास फिरवला, नाक आत घातलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं. घोट घेतला. मी थुंकायला तस्त पुढे सरकवलं. त्यांनी ते हाताने बाजूला केलं आणि घोट गिळला. मग डोळे मिटून बोटांवर मोजत बसले. चव किती टिकते, ते असं मोजायचं असतं.

"उत्तम," ते म्हणाले. "साहेब खूश झाला असता."

ग्लास संपवला आणि उठले. मला बोलायला जागाच ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चहाचं आधण ठेवलं. नाना आले नाहीत. विचारायला आता उरलं काय होतं? बाजारात दिसले तर लांबूनच हात जोडत. बाटली नसली तरी या, एवढं मी म्हणायचं होतं. विधवेने कसं म्हणावं, या विचारात दोन हिवाळे गेले, आणि ते धुळ्याला भाचीकडे राहायला गेले.

शेवटी, खरं काय ते सांगून टाकायचं ठरवून मी धुळ्याची मोटार धरली. भाचीने दार उघडलं. नानांना जाऊन महिना झाला होता. मी कोण ते सांगताच तिने मला पाटावर बसवलं, पाणी दिलं.

"मामा बठ्ठासले, गावभर सांगेत," ती म्हणाली, "जयगावनी अक्कानी बाटली जशी जपी, तशी इलायतमा बी कोन्ही जपी नही. खरं शे ना?"

तिच्या तव्यावर भाकरी फुगत होती. मी तांब्यातलं पाणी संपेपर्यंत प्याले.

"खरं शे," मी म्हणाले.