शिझूच्या नावाने

सुगिए-सान लग्न होऊन आमच्या गल्लीत आली ती थेट लोणच्याच्या दुकानातच. सासूने पहिल्याच आठवड्यात तिला मुळ्यांची पिंपं दाखवली, मुळे दाबायला वर ठेवायचे दगड दाखवले, आणि तिचं सगळं आयुष्य तिथे गेलं. नवी नवरी असताना एकदा तिने नवऱ्याला म्हटलं होतं, "बागेतले मेपल लाल झालेत म्हणे. जाऊन येऊ या का?" सासूने आतून ऐकलं. "शरद ऋतूत मुळे येतात. पानं बघायला रिकामटेकडे जातात."

बाग आमच्या गावाच्या टोकालाच. तळं, शेवाळाची टेकाडं, मागच्या फाटकातून पायऱ्या उतरल्या की नदीची घळ आणि झुलता पूल. आम्ही सगळे जाऊन यायचो. सुगिए-सान सोडून.

तिचा नवरा तात्सुझो जंगलखात्यात होता. कामासाठी डोंगरात जायचा, दोन-दोन दिवस यायचा नाही. अबोल माणूस. निवृत्त झाला आणि हळूहळू सगळं विसरायला लागला. घरातलं न्हाणीघर सापडेना. डॉक्टर म्हणाले, त्याला चालवत राहा. सुगिए-सानने दुकान बंद केलं आणि चेरी फुलली तेव्हा त्याचा हात धरून पहिल्यांदा बागेत नेलं.

परत आली ती लाजलेल्या मुलीसारखी. मला म्हणाली, "अगं, घरात वाट चुकणारा माणूस, तिथे मलाच वाट दाखवत होता! आणि हात सोडला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." मी तिची शेजारीण, तिला इतकं बोलताना मीही पहिल्यांदाच ऐकलं.

उन्हाळ्यात तो तिला घळीत घेऊन गेला. पाण्याच्या कडेला थांबून म्हणाला, "शिझू, जपून. गेल्या खेपेसारखे पाय ओले करशील."

बागेतलं चहाचं दुकान तोमे-सानचं. सुगिए-सानने सरळ तिलाच विचारलं, "शिझू कोण?"

तोमे-सान कप पुसत राहिली. मग म्हणाली, "पलीकडच्या गावची शिवणकाम करणारी. वर्षानुवर्षं यायची दोघं. फुलं असोत, पाऊस असो, बर्फ असो. ती मुलाकडे राहायला गेली तेव्हा थांबलं."

"गावाला माहीत होतं?"

"सगळ्यांना."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तू पिंपातून मान कधी वर काढलीस, सुगिए-सान? कुणाच्या तोंडाने सांगायचं?"

मलाही माहीत होतं. त्या संध्याकाळी ती माझ्या दारावरून गेली, मान न वळवता.

आम्हाला वाटलं, आता ती जायची नाही. पण ती जात राहिली. तो तिथेच काय तो शांत असायचा, घरी दारावर डोकं आपटायचा. आणि खरं सांगायचं तर तिला ऐकायचंही होतं. तो "शिझू" म्हणाला की ती "हं" म्हणायची. मेपल पेटले होते तेव्हा त्याने तिच्या केसातलं पान काढलं आणि म्हणाला, तुझ्या केसांना उन्हाचा वास येतो. ती घरी येऊन किती तरी वेळ आपले हात हुंगत बसली. मुळ्याचा, लोणच्यात घालायच्या भाताच्या कोंड्याचा, मिठाचा वास.

मग हिवाळा आला. पाइनच्या फांद्या बर्फाने मोडू नयेत म्हणून दोऱ्यांनी बांधल्या होत्या. पुलावर कुणी नव्हतं. तात्सुझो तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "घरची ती... आहे का अजून?"

सुगिए-सान म्हणाली, "मेली."

तो विचारात पडला. मग काळजीने म्हणाला, "मग दुकान कोण बघतं?"

तिने हात सोडला. एकटी पायऱ्या चढून तोमे-सानकडे आली आणि चहा मागितला. तोमे-सानने खिडकीतून खाली पाहिलं.

"अगं, ते पुलावर उभे आहेत. बर्फ पडतोय."

"राहू देत. शिझू येईल न्यायला."

तिने चहा संपवला. दुसरा मागितला, तोही संपवला. मग खाली गेली. त्याच्या टोपीवर, खांद्यांवर बर्फ साचला होता, ओठ निळे पडले होते. तिला बघून तो लहान मुलासारखा खुलला. "उशीर केलास, शिझू."

त्यानंतर ती त्याला तिथे घेऊन गेली नाही. तो खिडकीशी बसून रडायचा. पावसाळ्याच्या तोंडावर गेला.

अंत्यविधीला सगळी गल्ली आली होती. नागोयाहून लेक आली होती, तिने वडिलांच्या कपाटातून फोटो शोधून काढून वेदीवर लावला होता. झुलत्या पुलावर उभा तात्सुझो, तरणाबांड, तोंडभर हसणारा. घरात तसा हसलेला त्याला कुणीच पाहिला नव्हता.

"आईने काढला असणार," लेक पाहुण्यांना सांगत होती. "बाबा असे फक्त आईकडे बघूनच हसतील."

गल्लीतली एक सून डोळे पुसत म्हणाली, "म्हातारपणी हात धरून चालायचात दोघं. असं प्रेम आता कुठे बघायला मिळतं?"

मी मान खाली घातली. सुगिए-सानने मात्र कंबरेत वाकून तिला नमस्कार केला. "आभारी आहे," म्हणाली.

फोटो लेकीनेच घरातल्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यात ठेवला आणि ती नागोयाला परतली. सुगिए-सान रोज सकाळी पहिला वाफाळता भात त्याच्यापुढे ठेवते, उदबत्ती लावते, घंटी वाजवते. तेवढं झालं की देव्हाऱ्याची दारं लावून घेते.