वरल्या सड्यावरची वस्ती

सासूबाई परसात लाकडं रचताना घसरल्या आणि त्यांच्या मांडीचं हाड मोडलं, तेव्हा मी देवरूखला माझ्या शाळेत नववीचे पेपर तपासत बसले होते. रत्नागिरीला नेऊन सळई घातली. डॉक्टरांनी बजावलं की पायावर भार द्यायचा नाही, पावसाळा लागेपर्यंत खाट सोडायची नाही. नवरा मुंबईहून आला, रजा होती तोवर राहिला आणि परत गेला. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी पुण्याला शिकते. शाळेला मे महिन्याची सुट्टी लागली आणि घरात आम्ही दोघीच उरलो.

मी मूळची कोल्हापूरकडची. लग्न होऊन इकडे आले त्याला वीसेक वर्षं झाली, पण आमचं बोलणं कामापुरतंच. भांडण असं कधी झालं नाही. त्यांना उजाडल्यापासून शेत, गुरं, काजू आणि मला शाळा. संध्याकाळी जेवताना ‘आज कालवण तिखट झालं गो’ एवढं ऐकलं की आमचा दिवस संपायचा.

आता त्या दिवसभर पडवीतल्या खाटेवर आणि हाताला काम नाही. मी मोबाईलवर एक मालिका लावून दिली. दोन भाग बघून त्यांनी मोबाईल परत केला.

“दुसऱ्यांच्या घरातली भांडणं बघून मी काय करू? आपल्या वाडीत काय कमी हायत?”

भजनं लावली, तर म्हणाल्या गाणारा नाकात गातो. काजू सोलायला दिले, ते दुपारच्या आत सोलून झाले. मग दुसरं काहीच नसल्यामुळे त्या मला बघायला लागल्या. पडवीतून स्वयंपाकघराचं दार थेट समोर दिसतं. एके सकाळी त्यांनी विचारलं,

“भाकऱ्या थापताना तू कुणाशी बोलतेस?”

“कुणाशी नाही.”

“मग ओठ कशाला हलतात?”

पटकन खोटं सुचलं नाही, म्हणून सांगून टाकलं. लहानपणी वडिलांबरोबर उसाला पाणी पाजायला जायचे तेव्हापासून माझ्या मनात एक जागा आहे. अंतराळात, दोन सूर्यांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात, लहान लहान खडकाळ गोल आहेत. तिथे पृथ्वीवरून गेलेली माणसं राहतात आणि कुठून तरी दुसरीकडून आलेले जीवही राहतात. त्या पट्ट्याचं नाव मी नीलपट्टा ठेवलं होतं. शाळा, लग्न, बाळंतपण, सगळ्यातून ते मनात चालूच राहिलं. नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. भूगोल शिकवणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या बाईने हे असलं कुणाला सांगायचं?

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी उशी सारखी केली आणि विचारलं, “आधी कोण आलं? माणसं का ती दुसरी?”

“दोघं एकदमच आले. दोघंही बाहेरचेच.”

“असं नसतं. कुणीतरी आधी येतंच. मग मान कुणाचा? पालखी आधी कुणाच्या दारात जाते?”

“तिथे पालखी नसते, आई.”

“मग भांडतात कशावरून?”

तीस वर्षं मी ते जग सांभाळलं होतं, पण त्यात कुणी कुणाशी भांडत नव्हतं. फार छान छान होतं सगळं. मी परातीतलं पीठ तसंच ठेवून पडवीत येऊन बसले आणि त्या दिवशी भाकऱ्यांना बराच उशीर झाला.

त्यानंतर रोज सकाळचं आवरलं की आमचं सुरू व्हायचं. माझे ते दुसरे जीव उंच होते, त्यांना तोंड नव्हतं आणि ते अंगावर पडणाऱ्या उजेडावर जगायचे. सासूबाईंना हे पटेना.

“जेवत नाय? मग पावणा आला तर पुढ्यात काय ठेवतात?”

“चांगल्या उन्हाच्या जागी बसवतात.”

“हां. म्हणजे खळ्यात,” त्या म्हणाल्या, आणि आमच्या अंगणाकडे बघून त्यांचं समाधान झालं.

नीलपट्टा हे नाव मात्र त्यांनी मोडीत काढलं. साडीच्या दुकानाचं नाव वाटतं म्हणाल्या. आमच्या गावाच्या डोक्यावर कातळाचं मोठं पठार आहे, त्याला सडा म्हणतात. पावसाळा सोडला तर तिथे फारसं कुणी जात नाही. नुसतं उघडं आभाळ आणि वारा. त्यावरून सासूबाईंनी माझ्या प्रदेशाचं नाव वरला सडा ठेवलं आणि चार दिवसांत माझ्याही तोंडात तेच बसलं.

काही गोष्टींत मी जिंकले. गोलाच्या खालच्या बाजूची माणसं पडत कशी नाहीत, हे मी पोळपाटावर लिंबू ठेवून, हातवारे करून, वर्गात शिकवावं तसं शिकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“असेल तसं. पण गाभण म्हैस नेऊ नको. घाबरेल ती.”

म्हणून वरल्या सड्यावर म्हशी नाहीत. शेळ्या आहेत.

दुपारी शेजारच्या काकी यायच्या. या आमच्या चुलत सासूबाई, सासूबाईंच्या बरोबरीच्या, गोल चेहऱ्याच्या आणि मोठ्या आवाजाच्या. पहिल्या दिवशी त्या फणसाची भाजी घेऊन आल्या आणि विचारलं, काय चाललंय दोघींचं. सासूबाई म्हणाल्या, “वस्ती बसवतोय. बस.” काकी बसल्या त्या रोजच्याच झाल्या. त्यांना अंतराळप्रवासात वगैरे रस नव्हता. कोण कुणाचं कोण लागतं, एवढंच त्यांना हवं असायचं.

त्यातून आमचं एकदा बिनसलं. मी औषधं आणायला देवरूखला गेले होते. परत आले तर काकी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि सासूबाई गंभीरपणे सांगत होत्या. माझ्या गोष्टीत एक कप्तान होती. वरल्या सड्याच्या अगदी टोकाच्या ठाण्यावर ती एकटी राहायची आणि येणाऱ्या यानांना वाट दाखवायची. लहानपणापासून ती माझी सगळ्यात लाडकी, आणि ती एकटीच असायला हवी होती. सासूबाईंनी माझ्या पाठीमागे तिचं एका बिनतोंडाच्या जिवाशी लग्न लावून दिलं होतं.

“नवरा बोलत नाय, जेवायला मागत नाय,” त्या मला म्हणाल्या. “याच्याहून बरा कुठं मिळणार होता?”

मला खरोखर राग आला. आपण कशावर रागावतोय हे कळत होतं, तरी आला. मी आत गेले आणि नको तेवढा आवाज करत भांडी घासली. त्या दिवशी गोष्ट झाली नाही, दुसऱ्या दिवशीही झाली नाही. तिसऱ्या सकाळी मी चहा दिला तेव्हा सासूबाई कपाकडे बघत म्हणाल्या,

“लग्न मोडलं मी तिचं.”

“कधी?”

“काल. झालंच नव्हतं असं धर. काकीला पण सांगितलं. ती जरा नाराज झाली, तिनं मानपान ठरवून ठेवला होता.”

मला हसू आवरलं नाही. त्याही हसल्या, आणि हसताना पाय दुखला म्हणून शिवी दिली. मग म्हणाल्या, “तुझ्या माणसांना मी हात लावत नाय आता. माझं एक माणूस आणते. चालेल?”

“चालेल की.”

“एक बाई हाय. नवरा वरल्या सड्यावर कामाला. शिमग्याला खाली येतो, गणपतीत येतो. आला की म्हणतो, पुढल्या वर्षी तुला नेतो. यंदा खोली लहान हाय. पुढल्या वर्षी आला की परत तेच.”

“मग?”

“मग काय? एक वर्षी तो निघाला तशी तिनं पेटीत दोन लुगडी भरली, वर गोधडी बांधली आणि जाऊन बसली यानात. विचारलंच नाय कुणाला.”

मी फरसबी मोडत बसले होते. त्या सांगत राहिल्या, माझ्याकडे न बघता, समोरच्या दगडी गडग्यावर नजर ठेवून. ती बाई खोलीत पोचली तर तिथे आठ पुरुष. तिने आधी केर काढला. मग सगळ्यांना पेज करून घातली. मग ती बाहेर पडली, दिवे बघितले, रस्ते बघितले, मोठ्या मोठ्या माड्या बघितल्या. दमली तेव्हा एका तोंड नसलेल्या बाईच्या शेजारी उन्हात बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण बराच वेळ बसल्या. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

त्या थांबल्यावर मी विचारलं, “आई, तुम्ही मुंबईला कधीच गेला नाहीत?”

“नाय.”

“मामंजी इतकी वर्षं तिथे होते.”

“गिरणीत होते. खोलीत आठ-दहा जण, पाळीपाळीनं झोपायचे. बाईमाणसाला कुठं ठेवणार? मग गिरणी बंद पडली, ते घरी आले. ते इकडं आल्यावर मी तिकडं कुणाकडं जाऊ?”

“आणि आता? आता तर मुलगा आहे.”

“तो बोलला नाय, मी विचारलं नाय.” त्यांनी पाय थोडा सरकवला. “फरसबीच्या शिरा नीट काढ. मागच्या वेळी दातात अडकत होत्या.”

संध्याकाळी मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, “आईला मुंबईला यायचंय? तिला गाव सोडवत नाही.”

“तुम्ही विचारलंत कधी?”

मग तो म्हणाला, “सगळ्यांना वाटायचं, तिला आवडायचं नाही.”

“मलाही तसंच वाटायचं,” मी म्हणाले.

शाळा सुरू झाली तोवर सासूबाई वॉकर धरून पडवीत फेऱ्या घालू लागल्या होत्या. आता सकाळी मला वेळ नसायचा, म्हणून गोष्ट रात्रीच्या जेवणाबरोबर. मुंबईचा विषय मी काढला नाही, नवऱ्यानेच फोनवर काढला. त्यांनी “बघू” म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून फेऱ्या दुप्पट केल्या. डॉक्टरांनी जिना चढायला परवानगी दिली, तेव्हा त्यांनी काकींच्या घराच्या पायऱ्या चढून दाखवल्या. आमच्या घराला तेवढ्या पायऱ्या नाहीत.

गणपतीला नवरा आला आणि विसर्जनानंतर त्याच्याबरोबर त्या गेल्या. जाताना नवी साडी नेसल्या होत्या. कुणी निरोपाला रडलं नाही. काकी तेवढ्या गाडी दिसेनाशी होईपर्यंत सूचना देत होत्या.

पहिला फोन दुसऱ्या दिवशी आला. “पोचले. पाणी सकाळीच येतं, ते पण घाईत.” मग रोज थोडं थोडं कळत गेलं. शेजारची बाई आपल्याकडच्या नाटे गावची निघाली, तिच्या हातचं माशाचं कालवण चांगलं असतं. लिफ्टमध्ये पोटात गोळा येतो, पण दोनदा बसल्यावर जातो. समुद्र बघितला, रत्नागिरीचा बरा आहे.

आठवड्याने त्यांनी मुलाला मामंजींच्या चाळीकडे न्यायला लावलं. चाळ कुठली, तिथे आता काचेची उंच इमारत. नवऱ्याने मला नंतर सांगितलं की आई रडेल म्हणून तो तयारीत होता. त्या समोरच्या फुटपाथवरच्या कट्ट्यावर बसल्या, चहा मागवला आणि खालपासून वरपर्यंत मजले बघत राहिल्या. मग वॉचमनला बोलावून विचारलं की इथे एका खोलीत किती जण राहतात. तो म्हणाला, एका घरात नवरा-बायको दोघंच. “एवढ्या जागेत?” त्यांनी विचारलं. मग चहा संपवून म्हणाल्या, “चल, माझं झालं बघून.”

मला फोनवर त्या एवढंच बोलल्या, “तुझे मामंजी खोटं बोलत नव्हते गो. जागा नाय म्हणायचे, ते खरंच. गल्ली अजून अरुंदच हाय.” पण फोन ठेवला नाही. मी इकडची काही बातमी सांगितली, दोडक्याची, शाळेतल्या सहलीची. त्या हुंकार देत राहिल्या.

भातकापणीच्या आधी त्या परत आल्या. मला वाटलं होतं एकदा जाऊन आल्यावर इच्छा फिटेल. तसं झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतःच तारीख ठरवली, मुलाला कळवली आणि काकींनाही तयार केलं. काकींचा मुलगा नको म्हणत होता, त्याच्याशी सासूबाई अंगणात उभ्या राहून एकदाच बोलल्या. काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण त्याने तिकीट काढून दिलं.

दोघी मुंबईला गेल्यापासून या घरात मी एकटी आहे. सकाळी उशिरा उठते, एकटीपुरता मऊ भात करते, वह्या तपासत पडवीत बसते. परवा दुपारी नवऱ्याचा फोन आला. आवाज काळजीत.

“आई आणि काकी सकाळपासून बाहेर आहेत. शेजारची नाट्याची बाई बरोबर आहे. तिघींपैकी एकही फोन उचलत नाही. मी जेवायला थांबलोय.”

“थांबू नका,” मी म्हणाले. “तुम्ही जेवून घ्या.”