पुंजाजीची ओंजळ

धामणगाव बढ्याच्या शिवारात वच्छलाबाईचा पानमळा होता. शेवरीच्या झाडांवर चढलेले नागवेलीचे वेल, आत कायम ओलसर गारवा आणि बांधाशी काढून ठेवलेल्या वहाणा. पायताण घालून मळ्यात शिरायचं नाही, ही घरची रीत. दुसरी रीत दवेची. वेलांना मर लागू नये म्हणून मोरचूद आणि चुन्याचं पाणी देत. त्यातला मोरचूद मालकानंच आपल्या हातानं टाकायचा. वच्छलाबाईचा नवरा पुंजाजी मातीच्या रांजणात दोन डबे पाणी ओतायचा आणि त्यात एक ओंजळ निळे खडे सोडायचा. ती शेजारी बसून चुना कालवायची. मोरचुदाला तिनं कधी हात लावला नाही.

पुंजाजी गेला आणि पुढची दवा तिच्यावर आली. तिनं आपली ओंजळ पाहिली, त्याची आठवली आणि ठरवून टाकलं, की आपल्या दोन म्हणजे त्याची एक. तेव्हापासून त्याच मापानं दवा होत होती.

तरी वेल बुडाशी काळे पडू लागले. शेजारच्या मळ्यातली चांगुणा बांधावरून म्हणायची, “वच्छले, मळा मानूस वळखते. तो गेला, आता वेल बी त्याच्यामागं चालले.” वच्छलाबाईला याचा राग येत नसे. वेलांनाही तो हवासा वाटतो, हे ऐकून उलट बरंच वाटे. पण प्रत्येक वेल त्याच्या हातचा होता. मळा गेला तर त्याचं असं काय उरणार, असं तिला वाटत राही.

बाजारात नवी वजनं येऊन थोडेच दिवस झाले होते. लोक अजून शेर-तोळ्यातच बोलत. अशात ग्रामसेवक नारायणराव मळ्यावर आले. काळे पडलेले वेल पाहून त्यांनी विचारलं, “मावशी, मोरचूद किती टाकता?”

“दोन डबे पाण्याले दोन ओंजळी.”

“ओंजळ हे काय माप झालं?”

“अन् तुमचा गराम तरी काय माप झालं, बापा? त्याले कोनं पाह्यलं?”

नारायणराव हसले आणि दुकानातून तराजू मागवून घेतला. वच्छलाबाईनं आपली ओंजळ पारड्यात रिकामी केली. एकशेवीस ग्रॅम भरली.

“आता पाहा,” ते म्हणाले. “एका डब्यात अठरा लिटर, दोन डब्यांत छत्तीस. एक लिटर पाणी म्हणजे हजार ग्रॅम, तर छत्तीस हजार ग्रॅम पाणी झालं. दवा शेकडा एक पाहिजे. म्हणजे मोरचूद तीनशे साठ ग्रॅम. तुमचा पडतो दोनशे चाळीस. दवा पातळ होते, मावशी.”

“कशी होईन पातळ? मी त्याईच्याच मापानं टाकते. त्याईची एक ओंजळ म्हंजे माह्या दोन.”

“मग काकांचंच माप कमी असेल.”

“काऊन कमी असन?” वच्छलाबाईचा आवाज चढला. “ते होते तवा एक वेल मेला नाही. इचारा या चांगुणाले!”

“हाव, खरं हाये,” चांगुणा बांधावरून म्हणाली. “एक बी नाही.”

नारायणरावांनी पुन्हा हिशेब केला. “दवा बरोबर होत होती, तर काकांची ओंजळ तुमच्या तीन ओंजळींएवढी असली पाहिजे.”

“असनच!” चांगुणा हसली. “तो का लहान गडी होता? दारातून वाकून निंघे. तुलेच इसर पडला का वो?”

वच्छलाबाईनं आपल्या ओंजळीकडे पाहिलं. गेलेल्या माणसाचा चेहरा पुसट होतो, आवाज विरत जातो, हे तिनं बायकांकडून ऐकलं होतं आणि मनाशी मान्यही केलं होतं. पण हात आपल्याजवळ जसाच्या तसा आहे, असं ती धरून चालली होती. दर दवेला ती तोच आठवत आली होती. आणि पहिल्याच दवेपासून, नकळत, तो तिच्याजवळ लहान झालेला होता.

नारायणरावांनी तीनशे साठ ग्रॅम मोरचूद तोलून फडक्यावर ओतला. “टाका, मावशी.”

ती फडक्यापाशी बसली. त्याच्या एका ओंजळीएवढ्या त्या निळ्या ढिगाभोवती तिनं दोन्ही हात धरून पाहिले. कितीही ताणली तरी बोटं बोटांना भिडेनात. रांजणात भरून ठेवलेलं दोन डबे पाणी केव्हाचं निवळून स्थिर झालं होतं.

“टाक ना वो,” चांगुणा म्हणाली.

“टाकते,” वच्छलाबाई म्हणाली. “जराशी थांब.”