सईची दृष्ट

मी दृष्ट काढते, पण त्यात काही असतं असं कधी मानलं नाही. आईनं काढली, सासूनं काढली, म्हणून मी काढते... हाताची सवय, दुसरं काय! शाळा माझी चौथीतच सुटली, पुढचं सगळं वाचून वाचून शिकले. वाचणाऱ्या माणसाला असल्या गोष्टींचं हसूच येतं. तरी हे लिहितेय.

गुलमंडीच्या बाजारामागच्या गल्लीत आमचं दोन खोल्यांचं घर. मुलगा-सून पुण्याला. नात सई इथं माझ्याजवळ राहून वकिलीचं शिकते. मागच्या उन्हाळ्यात तिला डब्लिनला इंटर्नशिप मिळाली – कायदे सुधारायचा अभ्यास करणाऱ्या एका ऑफिसात. तिच्या वाट्याला विषय आला म्हाताऱ्या माणसांच्या देखभालीचा. कुठल्या देशात काय कायदा आहे, त्यात काय बदलावं, हे शोधायचं. मी म्हणलं, "मंग पहिली केस माझीच घाल, तुझ्या बापावर!" लई हसली.

ती गेली आणि घर असं गप्प झालं, की कुकरच्या शिट्टीला मी 'आले, आले' म्हणायला लागले.

तिचंबी तिथं तेच. दिवसभर कॉम्प्युटरवर कायदे वाचायचे, घरी आलं की हॉस्टेलच्या खोलीत दार लावून बसायचं. एका रविवारी फोनवर रडायलाच लागली.

"आजी, मला नाय जमत. उद्या ऑफिसात सांगते आणि तिकीट काढते."

"अगं, अर्धं झालंय की..."

"इथं माझ्याशी कुणी बोलतच नाय गं!"

फोन कटच केला. खरं सांगते, माझ्या जिभेवर आलं होतं – ये बाई, ये. पण अशी रडत परत आली असती, तर पुन्हा कुठं जायचं नाव काढलं नसतं तिनं. ते मला कळत होतं.

दिवेलागणीची वेळ. मी दुसरं काय करणार? व्हिसासाठी काढलेल्या फोटोंतला एक उरला होता. तो पाटावर ठेवला. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवल्या आणि तापल्या तव्यावर टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. मिरच्या काळ्याठिक्कर पडल्या... पण धूर नाय, वास नाय. जुन्या बाया म्हणायच्या, ठसका लागला नाय तर दृष्ट जबर. तेवढ्यात शेजारची रझिया बरणी परत द्यायला आली. तव्यावर वाकून म्हणते, "मिरच्यां हैं के लाल कागज, अम्मा? ठसका बी नै!"

ती जाऊन अर्धा तास झाला नाय तोच सईचा फोन. खोकत होती आणि हसतबी होती.

"आजी, काय झालं माहितीय? फायर अलार्म वाजला, अख्खी बिल्डिंग खाली रस्त्यावर! मिरच्या जाळल्यासारखा ठसका, सगळे खोकून बेजार!"

"कुणी जाळल्या?"

"कुणीच नाय ना! बंबवाल्यांनी सगळे मजले बघितले. सगळ्यांनी माझ्याकडंच बोट केलं, एकटी इंडियन! मी म्हणलं, बाबांनो, मी सकाळपासून चहासुद्धा केला नाय. एक नायजेरियाची पोरगी म्हणते, मिरचीच आहे, पण आमच्याकडची नाय. हसून हसून पोट दुखलं!"

मागून कुणीतरी तिच्या नावाचा पार चुरा करून हाक मारली.

"ठेवू, आजी? सगळे कॉफी प्यायला चाललोय."

"ठेव बाई." तव्याचं मी बोललेच नाय.

मिरच्या सादळलेल्या असतील म्हणाल, तर त्याच डब्यातल्या दुसऱ्या दिवशी टाकून बघितल्या. खोकून खोकून डोळ्यांतून पाणी, रझिया पळत आली! मग आदल्या दिवशीचा धूर गेला कुठं? योगायोग म्हणा. मीबी तेच म्हणते, पण मन मानत नाय. उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

सईनं काम पुरं केलं. त्या रविवारनंतर तिचे फोन मात्र कमी झाले – "आजी, बाहेर चाललेय, नंतर करते." तसंच व्हायला पाहिजे होतं की! फक्त ती परत येईपर्यंत कधी तिन्हीसांजेला वाटायचं, माझ्या तव्यावरचा धूर तिथं पोचला असेल, तर त्या पोरींच्या घोळक्यात, सईजवळ, तो घडीभर राहिला तरी. मी इथंच. रझिया आली तर बोलायचे, नाय तर रेडिओ लावायचे.